79, 79, 37

आर-फ्री, म्हणजे माझं मॉडेल किती चुकतंय ते सांगणारा आकडा, 52 टक्क्यांवर येऊन बसला होता आणि तीन आठवडे झाले तरी हलत नव्हता.

तेव्हा मी नांदेडला पीएच.डी. करत होते. विषय होता तुरीच्या दाण्यातलं एक छोटं प्रथिन, अळीचं पचन बिघडवणारं. लहानपणी तुरीत पोतं अंथरून झाडं हलवून अळ्या पाडल्यात, त्यामुळे विषय तसा घरचाच. तुरीचं जनुक ई. कोलायमध्ये घालायचं, जिवाणूंकडून प्रथिन करवून घ्यायचं, ते शुद्ध करून स्फटिक वाढवायचे आणि एक्स-रेनं रचना काढायची. सांगायला एक ओळ लागते, माझी दोन वर्षं गेली.

स्फटिक आले ते मे महिन्यात. बाहेर 43 अंश, लाईट दिवसातून चारदा जायची. इन्क्युबेटरवरचा 20 चा आकडा वहीत लिहिण्यापुरताच. ट्रेच्या 24 खणांपैकी एका खणात, काचेला उलटा लटकलेल्या दोन मायक्रोलिटरच्या थेंबात, खडीसाखरेसारखे चकचकीत, धारदार कडांचे चार खडे. खाली मिठाचं दाट द्रावण, पीएच 4.6. आधी वाटलं, मीठच असणार. या कामात मिठाच्या खड्यांनी भल्याभल्यांना नाचवलंय. म्हणून एक खडा सुईनं टोचला. मिठाचा खडा कट्टकन फुटतो, हा खव्यासारखा चिरला. मग थेंबात निळा रंग सोडला, उरलेल्या खड्यांनी तो हळूहळू पिऊन घेतला. प्रथिनच! त्या संध्याकाळी सगळ्या लॅबला माझ्याकडून भजी.

खडे गोठवून न्यायचे तर द्रवरूप नायट्रोजन हवा. आमच्याकडे कुठला! जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रात मात्र वीर्याच्या कांड्या त्यातच, उणे 196 अंशांत ठेवतात. कॅन घेऊन गेले. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "कोणत्या वळूचं न्यायचंय?" म्हटलं, "तुरीचं." त्यांनी हसत कॅन भरून दिला.

इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, डेटा फार सुंदर आला, 1.8 अँगस्ट्रॉमइतक्या बारकाईचा. परतीच्या प्रवासात मला झोप लागली नाही.

पुढचं सगळं कॉम्प्युटरवर. ओळखीच्या मिळत्याजुळत्या प्रथिनाचं मॉडेल घ्यायचं, ते स्फटिकात कुठे आणि कसं बसतं ते शोधायचं, मग मॉडेल सुधारत जायचं, यालाच रिफाइनमेंट म्हणतात. स्फटिकातून एक्स-रेचे जे ठिपके पडतात, त्यांचा मॉडेलवरून काढलेला आणि प्रत्यक्ष मोजलेला आयाम (तीव्रतेचं वर्गमूळ) यांच्यातली तफावत म्हणजे आर. पण मॉडेल डेटालाच पाठ करून बसू शकतं. म्हणून थोडे ठिपके सुरुवातीलाच बाजूला काढून रिफाइनमेंटला दाखवायचेच नाहीत. त्यांच्यावरचा आर म्हणजे आर-फ्री. ही युक्ती ब्रुंगर यांनी 1992 मध्ये मांडली. पेपर फुटला की वर्गातला ढ पोरगाही पास होतो, हे आपल्याकडे काय वेगळं सांगायचं? माझा आर-वर्क, म्हणजे दाखवलेल्या ठिपक्यांवरचा आर, 38 पर्यंत उतरला होता, आर-फ्री मात्र 52 वर ठाम. पोरगं ढच होतं. मला ते मान्य करायचं नव्हतं. मी पाण्याचे रेणू टाकत राहिले. स्पेस ग्रुप (स्फटिकातल्या रचनेची सममिती) बदलून पाहिले, ट्विनिंगची, म्हणजे दोन स्फटिक एकमेकांत वाढल्याची शंका घेतली, डेटा पुन्हा मोजला.

त्या दिवशी आमच्या सरांचे एक निवृत्त मित्र सहज आले होते. चहाचा कप हातात घेऊनच माझ्या मागे उभे राहिले. स्क्रीनवर डेटातून काढलेल्या नकाशाची निळी जाळी आणि तिच्याबाहेर लोंबकळणारं माझं मॉडेल.

"सेल काय आहे गं?"

"79, 79, 37. टेट्रागोनल."

सेल म्हणजे स्फटिकात विटेसारखी पुन्हा पुन्हा रचलेली चौकट, आणि हे तिच्या बाजूंचे आकडे, अँगस्ट्रॉममध्ये. टेट्रागोनल म्हणजे दोन बाजू सारख्या, सगळे कोन काटकोन. सरांचे मित्र काही बोलले नाहीत. चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "बॅक्टेरिया फोडलेस कशानं?"

मी सांगायला लागले आणि मधेच थांबले. एप्रिलमध्ये व्होल्टेज वरखाली होऊन सॉनिकेटरचं, म्हणजे ध्वनिलहरींनी जिवाणू फोडायच्या यंत्राचं, बोर्ड जळलं होतं. दुरुस्तीची फाईल फिरत होती. म्हणून मी जिवाणूंची भिंत विरघळवायला लायसोझाइम टाकलं होतं, हात सैल सोडून. लायसोझाइम म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन. वजन 14.3 किलोडाल्टन. माझं प्रथिन 15 चं. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर दोघांची पट्टी जवळजवळ एकाच जागी. प्रथिन शुद्ध करायचा निकेलचा कॉलम मी नीट धुतला नव्हता. सेलमध्ये किती रेणू मावतात तो हिशोबही केला होता. माझं प्रथिन त्यात नेमकं बसत होतं, आणि अंड्याचंही.

लायसोझाइम खारट, आंबट द्रावणात इतकं सहज स्फटिकतं की नवीन पोरांना हात बसवायला तेच देतात. रचना कळलेलं पहिलं एन्झाइमही तेच, 1965 सालचं, लंडनमध्ये फिलिप्स यांच्या गटानं काढलेलं. आणि त्याची सेल 79, 79, 37. तीन आठवडे ते आकडे माझ्याच फाईलच्या पहिल्या पानावर होते.

डेटाबेसमधून लायसोझाइमचं मॉडेल उतरवून घेतलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, तासाभरात आर-फ्री 24. ज्या जागी माझ्या मॉडेलमध्ये इवलंसं अमिनो आम्ल अ‍ॅलनिन होतं आणि बाजूला, इथे काहीतरी राहिलंय असं सांगणारा, हिरवा डाग दिसायचा, तिथे आता ट्रिप्टोफॅन या मोठ्या अमिनो आम्लाची सपाट दुहेरी कडी जाळीत इतकी चपखल बसली होती की मला तो नकाशा बराच वेळ मिटवता आला नाही. इतका देखणा नकाशा मी आजवर काढलेला नाही. आणि तो काढून झालेल्याला निदान पन्नास वर्षं होऊन गेली होती.

सर रागावले नाहीत. भज्यांचे पैसे परत घे म्हणाले.

डॉक्टरसाहेबांचा कॅन द्यायला गेले तर त्यांनी विचारलं, "काय निघालं तुरीत?"

"अंडं," म्हटलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

सॉनिकेटर जुलैत आला. लायसोझाइमचा कणही न घालता जिवाणू फोडले, सेंट्रिफ्यूज केलं. वरचं पाणी आणि खालचा गाळ जेलवर शेजारी शेजारी लावले. 15 ची पट्टी गाळात जाडजूड, पाण्यात पुसटशी. म्हणजे आमचं प्रथिन आधीपासूनच विरघळत नव्हतं, गाळात जात होतं. मेमध्ये मी तोच गाळ न तपासता बेसिनमध्ये ओतत होते. या वेळी ट्यूबवर तारीख टाकून तो फ्रीजरमध्ये ठेवला आणि त्यातलं प्रथिन विरघळवायला कपाटात युरियाची बाटली शोधायला लागले.