रेखमिरेच्या थडग्यात राहिलेले काका

बसमध्ये डोकी मोजली तर २२. हवी होती २३. इजिप्तमधल्या लक्सरचं दुपारचं ऊन आणि एक माणूस कमी. टूर मॅनेजरच्या पोटात गोळा यायला एवढं पुरतं.

काकू शांत. "ते तिथेच असतील, भिंतीसमोर." काका महसूल खात्यातले, तहसीलदार म्हणून निवृत्त.

शेख अब्द अल-कुर्ना या थडग्यांच्या टेकडीची चढण पुन्हा चढलो. रेखमिरे हा तिसऱ्या थुतमोस राजाचा वजीर, इ.स.पू. १५व्या शतकातला. त्याचे आजोबा वजीर, चुलते वजीर, मग हा. त्याच्या थडग्यात मी ग्रुपला चित्रांतला जिराफ दाखवतो, विटा पाडणारे मजूर दाखवतो, आत आत उंच होत ८ मीटरला पोचणारं छत दाखवतो. फोटो, आणि चला.

काका पुढच्या आडव्या दालनात होते. चौकीदार आरशाने बाहेरचं ऊन भिंतीवर पाडत होता.

"मघाशी जमिनीचं काय म्हणालास?"

मघाशी मी ते घाईत उरकलं होतं. भिंतीवर वजिराच्या कामाचे नियम लिहिलेत. जमिनीची तक्रार आली, तर लांबच्या जमिनीला २ महिन्यांची मुदत, थीब्ज, म्हणजे तेव्हाचं लक्सर, त्याच्या जवळच्या जमिनीला ३ दिवसांची. अर्जदार नंबराने ऐकायचे, मागचा पुढे घुसता कामा नये.

"३ दिवस!" काका भिंतीकडेच बघत म्हणाले. "माझ्याकडे बांधाची एक केस होती. माझ्या आधीच्यांकडून आली, माझ्या नंतरच्यांकडे गेली."

वसुलीचं चित्रही त्यांनी पुन्हा बघितलं. गावोगावचे अधिकारी सोनं, बैल, मध, कबुतरं घेऊन आलेत. "कबुतरंसुद्धा? बरोबर आहे, जे पिकतं ते घ्यायचं." मग एकदम, "साहेबांचा चेहरा कुठाय?"

रेखमिरेच्या आकृत्या बऱ्याच ठिकाणी खरवडून काढल्यात. राजाची मर्जी उतरली असावी, असा अंदाज. एवढं थडगं, पण मृतदेह पुरायला खाली विहिरीसारखा खड्डाच नाही. वजीरपद गोड नसतं, पित्तासारखं कडू असतं, असं नेमणुकीच्या वेळी राजाने ऐकवल्याचंही तिथेच लिहिलंय. हे सांगितल्यावर काका काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, आता निघतील.

त्यांनी खिशातून बोर्डिंग पास काढला. पाठीमागे पेनाने लिहिलं: लांबची जमीन, २ महिने. जवळची, ३ दिवस. खाली तारीख घातली आणि सवयीने सही केली.

खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.