लसूणघास लवकर वाळवायचा तर आधी रुळांमधली फट मोजा

लसूणघास कापताना त्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. लहान चौकोनी गाठी बांधायच्या तर ते १८ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. ८० टक्के ओलाव्याचा १,००० किलो हिरवा घास धरला, तर हाती लागते जेमतेम २४४ किलो वाळली वैरण. बाकीचं साडेसातशे किलो पाणी ऊन-वाऱ्याने न्यायचं, तेही पानं झडायच्या आत. पान लवकर कुरकुरीत होतं, काडी मात्र आतून ओलीच राहते. मोअर-कंडिशनर कामाला येतो तो इथेच: तो घास कापतो आणि लगेच दोन रुळांमधून काडी चेपून काढतो. लसूणघासाला रबरी किंवा लोखंडी रूळच हवेत. आकड्यांचा, म्हणजे फिरत्या वाकड्या दांड्यांनी झोडणारा, कंडिशनर गवताला ठीक, घासाची मात्र पानं झोडून टाकतो.

महागडं यंत्र आणूनही घास तीन-तीन दिवस वाळत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे रुळांमधली फट. ती साधारण २ मिलिमीटर हवी. नुसत्या नजरेने ती कळत नाही, कारण रूळ मधे जास्त झिजतात. ट्रॅक्टर बंद करा, किल्ली खिशात टाका. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल हातभर लांब घ्या आणि करंगळीएवढ्या जाडीची सैल नळी वळा. अशा तीन नळ्या रुळांच्या दोन्ही टोकांना आणि मधे ठेवा, रूळ हाताने फिरवून पलीकडे काढा. चेपलेल्या फॉइलची जाडी कॅलिपरने मोजा, तीच तुमची फट. दोन टोकांत फरक निघाला तर आधी तो काढा, मगच रूळ दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा ताण बघा. आपल्याकडे उलटं होतं: फट तशीच राहते आणि ताण वाढवत नेतात. मग पानं काळी पडतात, काडी साबूतच.

खरी परीक्षा शेतात. मूठभर कापलेला घास उचलून बघा. शंभरातल्या नव्वद काड्या कुठेतरी तडकलेल्या हव्यात, काळवंडलेली पानं पाचाच्या आत.

यंत्राच्या मागचे, घासाची ओळ आवळणारे पत्रे उघडून घास कापणीच्या रुंदीच्या निदान ७० टक्के भागावर पसरू द्या. अरुंद ओळ केली की वरचा थर वाळतो आणि खाली वाफ कोंडते. कापणी ७-८ सेंटिमीटर उंचीवर ठेवली तर खुंटांवर घास अधांतरी राहतो, खालून वारा खेळतो. पाट-पाण्याच्या वाफ्यांत मात्र हे सगळं अवघड आहे, बांधांवर यंत्र आदळतं. तुषार सिंचनाचं सपाट रान असेल तरच या यंत्रात पैसे घाला.

टेडर, म्हणजे फिरत्या स्प्रिंग-दातांनी घास उधळणारं यंत्र, ओलावा ५० टक्क्यांच्या वर असेपर्यंतच चालवा. सकाळी पानांवर दव असताना काम उरका. दुपारी चालवलं तर पानं झडून प्रथिनं जमिनीवर सांडतात, गाठीत नुसत्या काड्या येतात. पीटीओ, म्हणजे यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, मिनिटाला पूर्ण ५४० फेऱ्यांवर नेऊ नका, आणि दात मातीला टेकू देऊ नका.

ओळी ओढायच्या त्या ३५-४० टक्क्यांवर. त्यासाठी लागतं रेक, म्हणजे घास गोळा करून ओळ लावणारं यंत्र. उसाचं पाचट ओढायचं चाकाचं रेक घरी असतं म्हणून तेच घासात घालतात. ते घासाचा दोरखंड वळतं, सोबत मातीही आणतं, आणि दोरखंडाचा गाभा काही वाळत नाही. चक्री रेक, म्हणजे आडव्या फिरणाऱ्या हातांवर दात असलेलं, घास फुगवून ठेवतं.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर काचेची कोरडी बरणी घ्या. ओळीच्या तळातला मूठभर घास बारीक कातरून त्यात घाला, वर तव्यावर भाजून गार केलेलं चमचाभर बारीक मीठ. झाकण लावून मिनिटभर हलवा. मीठ मोकळं खुळखुळलं तर बेलर, म्हणजे गाठी बांधायचं यंत्र, जोडा. गोळ्या झाल्या तर ओळ उलटवा आणि दोन-तीन तासांनी नवं मीठ घेऊन पुन्हा बघा.