कणेरीहून खानापूरला: शिल्पबागेच्या पैशाचा माग

कोल्हापूर सोडून पुणे-बंगळूर महामार्गाने बेळगावकडे निघालं की गोकुळ शिरगावजवळ कणेरी मठाचा फाटा लागतो. मठाच्या आवारात सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम आहे. नांगरणारा शेतकरी, चाकावरचा कुंभार, भात्याजवळचा लोहार, सगळे सिमेंटचे आणि माणसाच्या उंचीचे. हाच रस्ता धरून बेळगाव, धारवाड, हुबळी ओलांडली की हावेरी जिल्ह्यात शिग्गावजवळ गोटगोडी येतं. तिथलं उत्सव रॉक गार्डन चित्रकार टी. बी. सोलबक्कनवर यांनी उभं केलं. बेळगाव या दोन बागांच्या मधे पडतं. सीमाभागात अशी एखादी बाग ना-नफा तत्त्वावर उभी करायची तर पैसा कुठून यावा आणि कुठे गळतो, हे या रस्त्यावरच नीट समजतं.

कणेरीच्या मागे मठ आहे. जमीन, भक्तांचा राबता आणि देणगी देण्याची जुनी सवय हे तिन्ही तिथे आधीपासून होतं. तिकिटाचे पैसे त्यावर येतात. नव्या ट्रस्टला यातलं काहीच आयतं मिळत नाही, म्हणून कणेरीचा तिकीटदर पाहून आपलं अंदाजपत्रक आखणं चुकीचं ठरतं.

निपाणी येईपर्यंत साधा हिशेब मांडता येतो. समजा तीन एकरांची बाग आहे. दोन वॉचमन, दोन माळी, तिकीट खिडकीवर एक आणि डागडुजीचा एक कारागीर, सरासरी पगार १५,००० धरला तर महिन्याला ९०,००० झाले. वीज-पाण्याला २०,०००, डागडुजीच्या सामानाला २५,०००, विमा, ऑडिट आणि किरकोळ मिळून १५,०००. महिन्याचे दीड लाख, म्हणजे वर्षाचे १८ लाख. तिकीट ५० रुपये ठेवलं तरी शाळांच्या सहली आणि लहान मुलांची सवलत धरून हातात माणशी ३५ पडतात. सगळा खर्च तिकिटावर काढायचा तर वर्षाला ५१,००० पेक्षा जास्त माणसं यायला हवीत. जून ते सप्टेंबर बाग जवळजवळ रिकामी, म्हणजे उरलेल्या आठ महिन्यांत दरमहा साडेसहा हजारांच्या आसपास. सुरुवातीच्या वर्षांत तिकिटावर निम्मा खर्च निघाला तरी पुष्कळ.

उरलेले नऊ लाख दरवर्षी मागत फिरायचे की एकदाच कायम निधी उभारायचा, हा खरा प्रश्न. एक कोटीवर सात टक्के व्याज धरलं तर सात लाख येतात. न्यूयॉर्कजवळचं स्टॉर्म किंग आर्ट सेंटर हे उघड्यावरच्या शिल्पांचं केंद्र १९६० साली सुरू झालं, ५०० एकरांवर पसरलंय आणि हिवाळ्यात बंद असतं. तेही नुसत्या तिकिटावर चालत नाही. सभासद, देणगीदार आणि कायम निधी मिळून त्याला धरून ठेवतात. बंद महिन्यांतही पगार द्यावे लागतात, आणि आपल्याकडे ते महिने पावसाचे. निधीची गरज तिथे कळते.

तवंदी घाट आणि संकेश्वर मागे टाकून बेळगावात शिरलं की कागदपत्रं सुरू होतात. महाराष्ट्रातल्या मंडळींना धर्मादाय आयुक्तांची सवय असते. कर्नाटकात नवा ट्रस्ट करायचा तर ट्रस्ट डीड सबरजिस्ट्रारकडे नोंदवतात, नाहीतर १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था करतात. जमीन शेतीची असेल तर १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून बिगरशेती करून घ्यावी लागते. अर्ज-उतारे कन्नडमध्ये असतात. ते जाणणारा माणूस पहिल्या दिवसापासून समितीत असावा, शेवटच्या क्षणी शोधू नये.

डीडमधल्या उद्देशांच्या कलमाकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावं. आयकरात कलावस्तूंचं आणि कलात्मक जागांचं जतन हा धर्मादाय कामाचा वेगळा प्रकार आहे. नुसतं ‘कलेचा प्रसार’ असं मोघम लिहिलं तर संस्था ‘सार्वजनिक उपयोगिता’ या खात्यात जाण्याची शक्यता वाढते, आणि तिथे व्यापारी स्वरूपाची मिळकत एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे जाऊन चालत नाही. १८ लाखांच्या जमेवर ही मर्यादा ३ लाख ६० हजार होते. लग्नाआधीच्या फोटोंचं भाडं, कॅन्टीन, वाढदिवसाला दिलेली हिरवळ, एवढ्यातच ती भरते. ज्या वर्षी ओलांडली त्या वर्षीची करमाफी धोक्यात येते. हे सगळे पैसे पहिल्या महिन्यापासून वेगळ्या वहीत लिहावेत आणि दर तिमाहीला सीएला दाखवावेत. तिकीटही खर्चाच्या आसपासच ठेवावं.

देणगीदाराला ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट देणारी, पावती हवी असते. दोन हजारांपुढची रोख देणगी त्यात बसत नाही. वर्षाच्या देणग्यांचं १०बीडी विवरण ३१ मेपर्यंत भरलं नाही तर देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही, आणि तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही, म्हणून पगारदार माणसाला करसवलतीचं गाजर दाखवण्यात आता फारसा अर्थ उरला नाही. त्यापेक्षा वर्गणी बरी. गणेश मंडळाची पावती फाडणाऱ्या आणि सार्वजनिक वाचनालय दीडशेहून जास्त वर्षं चालवणाऱ्या या गावाला दरसाल ५०० रुपयांचा सभासद होणं परकं वाटणार नाही. एक हजार सभासद म्हणजे पाच लाख, तेही कुणा एकाच्या मर्जीवर न टांगलेले. परदेशातल्या नातेवाइकाची देणगी घेण्याआधी मात्र पासपोर्ट विचारावा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपयाही घेता येत नाही.

खानापूर रस्त्याला उद्यमबाग लागते. फाउंड्री आणि मशीनिंगचं हे गाव, त्यामुळे शिल्पबागेला इथून ओतकाम मिळेल असं वाटणं साहजिक आहे. मिळतंही, पण हिशेब समजून घ्यावा. सीएसआरची, म्हणजे नफ्यातला वाटा सामाजिक कामावर खर्चण्याची, सक्ती ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीलाच आहे. छोटा फाउंड्रीवाला त्यात येत नाही. जो येतो, त्याला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्चायचे असतात आणि कला-संस्कृती त्या यादीत आहे. पण ओतकाम किंवा वस्तू दिली तर तिची किंमत सीएसआरमध्ये धरता येत नाही आणि तिला ८०जीही लागू होत नाही. कायम निधीत टाकलेले पैसेही सीएसआर म्हणून चालत नाहीत. म्हणून कंपनीकडे मागणी न्यायची ती ठरलेल्या कामाची: अमुक वाट, अमुक पाच शिल्पं, आणि त्याच अर्जात तीन वर्षांची देखभाल. ही शेवटची ओळ बहुतेक अर्जांत नसते. शिल्पावर पाटी लागते, फोटो निघतो, आणि चौथ्या पावसाळ्यात शिल्प गळू लागलं की पैसे द्यायला कुणी नसतं.

खानापूरला पोचेपर्यंत हवा बदलते. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला तर पाऊस बेळगाव शहरापेक्षा कितीतरी जास्त. सिमेंटच्या पुतळ्याचं दुखणं बोटांच्या टोकांना, पदराच्या कडेला आणि घोट्याशी सुरू होतं, कारण तिथे सळईवरचा थर पातळ असतो. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत जातं, तार गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि वरचा पापुद्रा उडतो. बारीक भागांत सुरुवातीलाच गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस तार घातली, पुतळा जांभ्याच्या सहा इंच उंच, उतरत्या चौथऱ्यावर ठेवला, तर निम्मं दुखणं टळतं. शेवाळ मऊ ब्रशने काढावं. ॲसिड सिमेंट खातं. ऑइलपेंट आत ओल कोंडतो आणि फुगून सुटतो, त्यापेक्षा ॲक्रिलिक. गंजाचा तांबूस थर धरणारं खास पोलाद परदेशात शोभतं, पण त्याला ओलं-सुकं होत राहावं लागतं. इथे ते चार महिने सुकतच नाही आणि गंजतच राहतं.

खानापूरची माती कौलांसाठी प्रसिद्ध, खादी आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही इथेच. भाजलेल्या मातीच्या शिल्पाला आतून गंजायला काही नाही आणि फुटलेल्या तुकड्याच्या जागी जवळच्याच भट्टीत नवा भाजून मिळतो. बागेत निम्मी शिल्पं मातीची ठेवली तर डागडुजीच्या २५,००० वरचा ताण कमी होतो, आणि पैसा तालुक्यातल्या कुंभाराकडे जातो.

भेगा मृगाआधी, मेमध्येच बुजवून घ्यायच्या. रंगकाम मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पृष्ठभाग पूर्ण सुकल्यावर. अनंत चतुर्दशी झाली की बेळगावचे मूर्तिकार मोकळे असतात. सांगाडा, भराव, रंग यांत त्यांचा हात तयार असतो. त्यांना बोली गणपतीआधीच, जुलैत करून ठेवावी, आणि मजुरीची रक्कम सभासद वर्गणीतून बाजूला काढलेली असावी.