कोणती सोंगटी हलली? पटावरच हिशेब ठेवण्याचा माझा अनुभव

पुरंदरच्या 1665 च्या वेढ्यावर दोघांनी खेळायचा एक पट तयार करतोय. दोन्ही बाजूंना बारा-बारा सोंगट्या, आणि आपल्या डावात प्रत्येक सोंगटी एकदाच हलवायची. नियम एका ओळीत मावतो. पण सात-आठ सोंगट्या हलून झाल्या की "ही हलली का रे?" सुरू होतं, आणि मग डाव कमी, वाद जास्त.

पहिला प्रश्न असा की, हे लक्षात ठेवण्याची गरज मुळात आहे का? बुद्धिबळात डावाला एकच चाल, त्यामुळे प्रश्नच येत नाही. प्यादं आपल्या मूळ घरात उभं असेल तर ते हललेलं नाही, हे जागाच सांगते. अपवाद कॅसलिंगचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा. दोघेही आधी हललेले नसतील तरच ते करता येतं. राजा किंवा हत्ती हलून परत जागेवर आला तर पटाकडे बघून ते कळत नाही. आपल्या खेळात अशी 'जागाच सांगेल' सोय करता आली तर बाकी काही करू नये. वेढ्यात ती जमली नाही, कारण तुकड्या एकमेकींच्या जागी येत-जात राहतात.

हललेल्या सोंगटीवर मणी ठेवणं सर्वांत सोपं वाटतं. पण मणी घरंगळतात आणि डाव संपला की सगळे वेचावे लागतात. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात वापरलेला पत्ता आडवा करतात, तसं सोंगटी फिरवून पाहिलं. लांबट पत्त्याला ते शोभतं. गोल सोंगटीला दिशाच नसते, आणि शर्टाची बाही लागली की पुरावा गेला. राहिलं उलटणं.

उलटण्याचे दोन प्रकार आहेत. साधा प्रकार: हलली की उलटी करा, डावाच्या शेवटी सगळ्या परत सुलट्या करा. दुसरा आलटून-पालटून: सोंगटीच्या एका बाजूवर पट्टीची खूण, दुसरी बाजू कोरी. पहिल्या फेरीत 'पट्टीची बाजू वर' म्हणजे हललेली, दुसऱ्या फेरीत 'कोरी बाजू वर' म्हणजे हललेली. परत सुलटं करायचं काम नाही. मात्र ज्या जागच्या जागी राहिल्या त्या डावाच्या शेवटी उलटाव्याच लागतात. हे नियमावलीत ठळक छापा, कारण लोक नेमकं हेच विसरतात आणि पुढच्या फेरीत न हललेली सोंगटी हललेली दिसते.

आता हिशेब. बारापैकी दहा हलल्या तर साध्या प्रकारात 10 + 10 = 20 वेळा हात लागतो, आलटून-पालटूनमध्ये 10 + 2 = 12. पण तीनच हलल्या तर साध्यात 6 आणि आलटून-पालटूनमध्ये तरीही 12. म्हणजे निम्म्याहून जास्त सोंगट्या हलत असतील तरच दुसरा प्रकार परवडतो.

वेढ्यात नेमकी इथेच गंमत आहे. वेढा घालणाऱ्या मोगल सरदार दिलेरखानाची फौज जवळजवळ सगळी सरकत असते, गडावरची शिबंदी बहुतेक वेळ जागेवर. म्हणून मोगलांना आलटून-पालटून ठेवलं आणि मराठ्यांना चार हुकूम, म्हणजे शर्टाची चार बटणं. डावाच्या सुरुवातीला चार सोंगट्यांवर बटणं ठेवायची आणि जी हलवली तिचं उचलायचं. पटावर बटण उरलं नाही की डाव संपला. आवरायला काही राहत नाही. ठेवलेलं बटण दुसरीकडे सरकवायचं नाही, हे मात्र सक्तीचं. नाहीतर तोच वाद पुन्हा.

नमुन्यासाठी कॅरमच्या सोंगट्या उत्तम. एका संचात नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या. दोन संच घेतले की बारा-बारा भागतात आणि सुट्या उरतात. व्यास सव्वातीन सेंटिमीटरच्या आत असल्याने घर 4 सेंटिमीटर रुंद ठेवलं की चिमटीत धरायला जागा मिळते. षट्कोनी घरांचा 9 × 7 पट ए-3 कागदावर बसतो. स्टिकरचा कागद पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणा. सोंगट्या वापरलेल्या असतील तर आधी ओल्या फडक्याने पुसून वाळवा. बोरिक पावडरीवर स्टिकर टिकत नाही. तुकडीचं नाव दोन्ही बाजूंना हवंच, नाहीतर उलटल्यावर ती कोण हे कळत नाही. खूण रंगाची नको, जाड पट्टीची करा: लाल-हिरवा फरक काहींना दिसत नाही, आणि पिवळ्या दिव्याखाली निळा नि काळा सारखेच दिसतात. सोंगटीची मागची बाजू अशी खर्ची पडते, त्यामुळे 'जायबंदी तुकडी' दाखवायला ती उरत नाही. त्यासाठी मी सोंगटीखाली एक सुटी सोंगटी सरकवतो.

मधल्या फेरीत पटावर येणारी मोगल कुमक नेहमी त्या फेरीच्या 'हललेली' बाजूनेच ठेवायची. कोणत्या फेरीत कोणती बाजू, हे फेऱ्यांच्या रकान्यातच छापा: विषम फेरीला पट्टी, सम फेरीला कोरं. खेळ अर्धवट सोडून मोबाइलवर फोटो काढून ठेवणार असाल तर तो रकानाही फोटोत येऊ द्या.