नावाची बाजू

गौरी-गणपतीला आठ दिवस उरले की आमच्या घरी माळ्यावरचे पितळ खाली येते. यंदाही ते उतरवले आणि दुपारच्या जेवणानंतर आम्ही दोघे मागच्या दारी घासायला बसलो. सौभाग्यवतींपुढे चिंचेचा कोळ आणि मीठ, माझ्यापुढे पितांबरीची पुडी. चिंच की पितांबरी हा आमच्या संसारातला जुना वाद असून मी त्यात केव्हाच हरलेलो आहे. तरीही हरलेल्या माणसाने आपली पुडी सोडू नये, असे माझे मत आहे. चौथा की पाचवा तांब्या हाती आला तेव्हा तिने तो उजेडाकडे तिरका धरला, डोळे बारीक करून त्यावरची अक्षरे वाचली आणि विचारले, "अहो, ह्यातलं आपलं नेमकं कुठलं?"

मी मोजून पाहिले. लहानमोठे तेवीस नग होते आणि त्यांपैकी दोघांवर आमच्या घराण्याचे नाव होते. बाकीचे सगळे मी गेल्या पंचवीस वर्षांत गावोगाव हिंडून आणलेले. कुणावर 'चि. सौ. कां.' एवढेच उरलेले, पुढचे झिजून सपाट झालेले. कुणावर 'मामाकडून', कुणावर 'उद्यापनाप्रीत्यर्थ', तर एका पेल्यावर 'यांचे स्मरणार्थ' स्पष्ट आणि ज्यांचे स्मरण करायचे ते मात्र पुसून गेलेले. जुनी नावे छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेली असतात. बोट फिरवले तर तांदळाच्या कण्यांसारखी लागतात. पुढे विजेचे यंत्र आले आणि अक्षरांना वाताच्या माणसाच्या सहीसारखी थरथर आली. आमच्या लहानपणी दुकानदार अक्षरामागे पैसे घेत. माणसे नाव सांगताना बोटांवर अक्षरे मोजत आणि 'कोल्हापूर' हा शब्द 'को. पूर' असा आवरता घेत.

जुन्या वस्तूंसाठी मी पुण्याला जातो, मुंबईला जातो, एकदा थेट तमिळनाडूतल्या कारैकुडीपर्यंत गेलो. परंतु कोल्हापुरात मी एकही जुनी वस्तू विकत घेतलेली नाही. हे सांगितले की लोक चकित होतात. शिवाजी पेठेत नि मंगळवार पेठेत दर वर्षी दोन-चार जुनी घरे उतरवली जातात, त्यांतले तुळया-खांब, कडीपाटाच्या फळ्या, पितळी कड्या, फडताळे, सगळे घरापासून हाकेच्या अंतरावर मिळत असताना हा गृहस्थ रात्रीच्या एसटीने स्वारगेटला कशाला जातो, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडत असे.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. शनिवारी रात्री मध्यवर्ती स्थानकावरून निघावे, पहाटे उतरून स्टँडवरचा चहा घ्यावा आणि ताडपत्र्या पसरल्या जात असतानाच तिथे पोचावे. मोबाइलचे चार्जर, पान्यांचे संच, एका पायाचे बूट आणि त्यांच्या मधोमध एखादी समई किंवा अडकित्ता. हवी असलेली वस्तू हातात घ्यायची नाही, हा पहिला नियम. शेजारच्या गंजक्या कुलपाची किंमत विचारायची, ती महाग आहे म्हणून हळहळायचे आणि उठता उठता "बरं, ह्याचं काय?" म्हणायचे. विक्रेत्यालाही हा नियम तोंडपाठ असतो. पण रीत म्हणून दोघेही ती पाळतात.

वस्तू खरोखर जुनी आहे की महिन्यापूर्वी ओतून, तेजाबात बुडवून, मातीत पुरून म्हातारी केलेली आहे, हे ओळखायला मला पुष्कळ वर्षे लागली आणि पुष्कळ पैसे पडले. अडकित्त्याचेच घ्या. तो मिटून उजेडासमोर धरावा; दोन पात्यांमधून भसकन उजेड आला तर त्याने आयुष्यात सुपारी पाहिलेली नाही असे खुशाल समजावे. जुन्या अडकित्त्याचा वरचा दांडा अंगठ्याखाली गुळगुळीत झालेला असतो, त्यावरच्या घोड्याची आयाळ एकाच बाजूने गेलेली असते. बनावट मालाची झीज सगळीकडे सारखी असते, कारण तेजाबाला उजवा-डावा हात नसतो. तांब्याची कडा आणि बूड पाहावे. ठोकीव असेल तर आतून हातोडीचे ठसे बोटाला कळतात.

बाजारातल्या लोकांचा आणखी एक हिशेब आहे. माल येतो तेव्हा तो वजनाने येतो आणि जातो तेव्हा नगाने जातो. किलोच्या भावाने घेतलेल्या पोत्यातून कुणीतरी एक भांडे बाजूला काढतो, पुसतो, ताडपत्रीवर उभे करतो आणि त्या क्षणापासून ते अँटिक होते. आपल्याकडच्या १९७२च्या कायद्याला पुरावस्तू ठरवायला शंभर वर्षे लागतात, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर. बाजाराला तेवढा दम नसतो. भांड्याची मालकीण गेली आणि सुनेने माळा रिकामा केला, की पुरेसे होते.

मुंबईच्या चोरबाजाराविषयी मी फारसे लिहिणार नाही. मटण स्ट्रीटवरच्या दुकानदारांना माझ्यापेक्षा शंभर पटींनी अधिक कळते आणि ज्या बाजारात विकणाऱ्याला अधिक कळते तिथे घेणाऱ्याला मौज नसते. जहाजांवरची घड्याळे, झुंबरे, सिनेमाची पोस्टरे पाहावीत आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसने परत यावे.

कारैकुडीला मात्र मी मनापासून सुखी होतो. चेट्टियार व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेशात आणि आग्नेय आशियात कमावलेल्या पैशावर बांधलेल्या प्रचंड घरांचा तो मुलूख. ब्रह्मी सागाचे खांब, बेल्जियमचे आरसे, युरोपातून नि जपानातून आलेली एनॅमलची भांडी. ती घरे वारसांमध्ये वाटली गेली, काही उतरवली गेली आणि त्यांतला माल मुनीश्वरन कोविल रस्त्यावरच्या दुकानांत येऊन राहिला. तिथल्याही पितळेवर अक्षरे होती. घराण्याची आद्याक्षरे भांड्यावर घालण्याची त्यांची पद्धत आहे. पण ती तमिळमध्ये. मी एक पाणी तापवण्याचे पातेले घेतले, तीन दिवस ते मांडीवर घेऊन प्रवास केला आणि त्यावरची अक्षरे मला वेलबुट्टीसारखी सुंदर वाटत राहिली. ती वाचता येत नव्हती, म्हणून सुंदर वाटत होती, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

आमच्या टाउन हॉलच्या संग्रहालयात तळहातावर मावेल एवढा एक काशाचा पुतळा आहे. १९४५च्या सुमारास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झाले, त्या सुमारास सापडलेल्या वस्तूंतला. तो पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. सातवाहनांच्या काळात रोमन व्यापाराच्या वाटेने समुद्र ओलांडून, घाट चढून तो इथवर आला. शाळेच्या सहलीत गुरुजींनी आम्हांला रांगेने त्याच्यासमोरून नेले होते आणि समुद्राचा देव कोल्हापुरात काय करतो, असे एकाने विचारल्यावर "पुढं चला" असे उत्तर दिले होते. मला अलीकडे त्या अज्ञात कोल्हापूरकराचा फार आधार वाटतो. आपण कुठल्या देवाला घरात आणून ठेवले आहे, याची त्यालाही बहुधा कल्पना नसावी.

परक्या गावात वस्तूला मालक नसतो, एवढ्यासाठी मी परक्या गावी जातो. काही वर्षांपूर्वी आमच्या मागच्या गल्लीतला एक वाडा उतरवला. वाड्याच्या धाकट्या वारसदाराने मला मुद्दाम बोलावले. "काका, चौकट तुम्हीच न्या की. बाहेरचा माणूस नेण्यापरीस तुम्ही नेलेलं बरं." सागवानी चौकट, गणेशपट्टी, पितळी फुल्या. किंमतही त्याने बाजाराच्या निम्मी सांगितली. मी चौकटीवर हात ठेवला आणि याच दारात आठव्या वर्षी माझी दोन बोटे चेमटली होती, वाड्यातल्या आजींनी त्यांवर हळद दाबली होती, हे आठवले. मला ती घेता आली नाही. पंधरा दिवसांनी बाहेरगावच्या टेंपोत ती आडवी घालून नेली. आता महामार्गावरच्या कुठल्याशा हॉटेलात तिच्याखाली उभी राहून माणसे फोटो काढत असतील. तिथे कुणाचे बोट चेमटलेले नाही, त्यामुळे ते त्यांना जमते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेली भांडी लोकांनी दारात काढली. काहींनी ती तशीच मोडीला दिली. त्या दिवसांत पुण्याच्या एका ओळखीच्या विक्रेत्याचा फोन आला, "तुमच्याकडे माल निघाला असेल, बघून ठेवा." मी नुसते हूं म्हटले. त्यानंतर वर्षभर मी त्या बाजारात गेलो नाही.

मोड हा शब्द आमच्या घरात मी प्रथम ऐकला तो सात-आठ वर्षांचा असताना. स्टीलचे दिवस आले होते. घरोघरच्या बायकांना पितळेचा कंटाळा आला होता आणि तो रास्त होता. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकते, ताक ठेवता येत नाही आणि रोज घासून मनगटे भरून येतात. गल्लीत कल्हईवाला बसला की आम्ही मुले त्याच्या भात्याभोवती कोंडाळे करत असू. तापलेल्या पातेल्यात नवसागराचा भपकारा उठे, कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्याने असा काही फिरवी की काळे पातेले क्षणात चांदीचे होई आणि मग पाण्यात चर्र. आम्हांला ती जादू होती. आजीला तो खर्च होता.

तर एके दिवशी आजी, आई आणि मी महाद्वार रोडच्या बाजूच्या एका भांड्यांच्या दुकानात गेलो. सायकलच्या कॅरिअरला बांधून आमचे तांब्याचे घंगाळ आणले होते. आजीच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेले. काठावर तिचे नाव होते, माहेरचे. ते नाव मी दिवाळीच्या पहाटे उटणे लावून कुडकुडत उभा असताना वाचत असे. मला वाटते अक्षरओळखसुद्धा मी त्याच्यावर पक्की केली. दुकानदाराने घंगाळ काट्याला लावले, घट धरली, मग म्हणाला, "कड्यांचं वजन धरत नाही, मावशी." छिन्नी लावून त्याने दोन्ही लोखंडी कड्या उडवल्या. नंतर आतल्या पोत्यात बसेना म्हणून जमिनीवर उपडे करून मोठ्या हातोड्याने ते चेपले. चार घावांत त्याचे ताट झाले. आजी तिकडे पाठ करून स्टीलचे डबे वाजवून पाहत होती. तिने सहा डबे आणि एक पिंप निवडले. डब्यांवर नाव घालून देऊ का, असे दुकानदाराने विचारले तेव्हा ती म्हणाली, "कशाला? सगळ्यांचे सारखेच आहेत."

म्हणजे ते घंगाळ कुठल्याही बाजारात मिळणे शक्य नाही. मी ते चेपलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. असे असूनही जुन्या बाजारात घंगाळ दिसले की मी काठाकडे वाकतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी सुमारे १९२० पासून गोळा केलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंतल्या मोजक्याच मांडलेल्या आहेत. तिथेही काचेला नाक लावून मी अक्षरे शोधतो आणि पहारेकऱ्याचे बोलणे खातो. अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्यांनी त्या सगळ्या संग्रहाला दिले, हे तिथल्या पाटीवर कळते. नाव घालण्याचा याहून मोठा खर्च कुणी केल्याचे मी ऐकलेले नाही.

"मी काय विचारलं?" सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांचा प्रश्न वाटतो तितका तात्त्विक नव्हता. आमच्याकडे गौर तेरड्याच्या रोपांची असते आणि ती पाणवठ्यावरून तांब्यातून आणायची असते. आमच्या नावाच्या तांब्याला बुडाशी चीर गेली आहे, हे गेल्या वर्षी पाट ओला झाला तेव्हा कळले. डाग देणारा माणूस आता सापडत नाही. राहिला 'चि. सौ. कां.' हाच एक मापाचा. जुन्या बाजारातला, साडेतीनशेला घेतलेला.

"लोकाच्या लेकीचा तांब्या," ती म्हणाली. "तिच्या माहेरचा."

मी म्हणालो, नाव नाहीतरी अर्धे गेलेच आहे, पितांबरीने जरा जोर लावून घासले तर उरलेलेही जाईल. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी पुडी खाली ठेवली. मग तिने तो तांब्या चिंचेने स्वतःच घासला. अक्षरांवर आली तेव्हा नुसता अंगठा हलका फिरवला. धुऊन उन्हात उपडा घातला.

"मांडताना नावाची बाजू भिंतीकडे करू," मी सुचवले.

"का? बायका वाचतील म्हणून?" ती म्हणाली. "वाचू देत. आणि चिंच संपलीय, उठताय का?"

मी पिशवी घेऊन निघालो.