धुकं पांढऱ्या ट्यूबमध्ये नसतं

ऑइल रंगांत धुकं काढायचं म्हटलं की हात आधी पांढऱ्या ट्यूबकडे जातो. टायटॅनियम व्हाइट मात्र खालचं सगळं झाकून टाकतो आणि झाडांना चुना फासल्यासारखा दिसतो. धुकं म्हणजे करडे रंग, तेही एकमेकांच्या अगदी जवळचे.

माझा करडा अल्ट्रामरीन ब्लू आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएनाचा, त्यात बेताने पांढरा. निळा वाढला की गारठा, सिएना वाढली की उन्हाची चाहूल. काळी ट्यूब मी उघडतच नाही.

जानेवारीत नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधावर पहाटे गेलात तर बघा, हवेपेक्षा पाणी उबदार असतं, म्हणून वाफ पाण्यालगतच पसरते. पलीकडच्या झाडांचे शेंडे दिसतात, बुंधे गायब. शेंडे काढावेत आणि ओल्या रंगावरच मऊ, कोरडा ब्रश आडवा फिरवत बुंधे पाण्यात विरघळवावेत. दर फेरीला ब्रश चिंधीला पुसायचा, नाहीतर सगळा चिखल. प्रतिबिंबाचंही असंच: गडद डोंगा पाण्यात जरा फिका दिसतो, उजळ आकाश जरा गडद.

जाळं आवरता आवरता एक काका मागे येऊन उभे राहिले.

"ताई, माहा डोंगा कुठी गेला?"

"धुक्यात आहे, काका."

"मंग मासोळ्याही तिथंच असतीन!"

ऊन वर आलं की धुकं पळतं, त्यामुळे चित्र जागेवरच पुरं करण्याचा हट्ट मला पटत नाही. फ्रेंच चित्रकार मोनेने 1899 ते 1901 मध्ये लंडनला जाऊन थेम्सवरचं धुकं रंगवलं, पण ते कॅनव्हास पुढे जिव्हर्नीच्या घरच्या स्टुडिओत हातावेगळे केले आणि 1904 मध्ये पॅरिसला मांडले. मग आपण का घाई करायची?

तसंही ऑइलला घाई चालत नाही. आपण चटणी करतो त्याच जवसाचं तेल या रंगांत असतं. ते उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि थंडीत फार रेंगाळतं. म्हणून पहिला हात टर्पेंटाइनने पातळ, तेल वरच्या थरांत. उलटं केलं तर पुढे तडे जातात.

सध्या कॅनव्हास कपाटावर आहे. "यात काहीच दिसत नाही," असं आमच्या ह्यांचं मत. मला उलट जास्तच दिसतंय. डोंग्याची कड अजून कडक आहे. थर वाळला की किंचित झिंक व्हाइट (हा पांढरा कमी झाकतो) घातलेल्या पातळ करड्याने ती मोडायची.