दोरूच्या खोऱ्यात सायकल: काठाचा रस्ता पिन्याँवला संपतो

उत्तर पोर्तुगालमधलं दोरू नदीचं खोरं सायकलने करायचं म्हटलं की जो तो एकच सांगतो: नदी धरून चला, सपाट आहे. ही माहिती चुकीची आहे आणि वीस किलो सामान लादलेल्या सायकलवर ती फार महाग पडते. सपाट आहे ते नदीचं पाणी. रस्ता पिन्याँव गावापर्यंत तिची सोबत करतो आणि तिथून सरळ डोंगरावर निघून जातो.

कारण साधं आहे. खोरं इंग्रजी व्ही अक्षरासारखं, दोन्ही बाजूंना शिस्ट या पत्र्यासारख्या पापुद्रे सुटणाऱ्या दगडाचे उभे उतार. काठाला जी काय अरुंद पट्टी होती ती एकोणिसाव्या शतकात रेल्वेने घेतली. खोऱ्यात वरच्या अंगाला असलेल्या पोसिन्यू स्टेशनपर्यंत रूळ १८८७ साली पोचले. गावं वसलेली डोंगराच्या खांद्यावर, आणि रस्ते गावांना जोडतात, नदीला नाही. त्यामुळे नकाशावर नदीला चिकटून गेलेली बारीक रेघ दिसली की आधी ती रूळ आहे का ते बघा. बहुतेक वेळा रूळच असतो, आणि त्यावरून आजही गाड्या धावतात.

पोर्तोपासून सायकल हाणत निघू नका. उत्तर काठाचा एन-१०८ आणि दक्षिण काठाचा एन-२२२ हे दोन्ही रस्ते पुढे नदी सोडून चढउतार करत राहतात आणि खरं खोरं सुरू व्हायच्या आतच पाय संपतात. पोर्तोहून रेल्वेगाडीत बसा आणि रेग्वा गावाला उतरा. सायकलसाठी रीजनल किंवा इंटररीजनल गाडी निवडा. जागा मात्र मोजक्या, आणि शनिवार-रविवारी सकाळी त्या पटकन भरतात. सुरुवातीच्या स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा, बॅगा आधीच उतरवून ठेवा. डब्याच्या पायऱ्या उंच असतात आणि भरलेली सायकल एकट्याने वर घेता येत नाही. खिडकी जाताना उजवीकडची धरा. नदी अर्ध्याअधिक प्रवासानंतर, पाला या स्टेशनच्या आसपास येते, तोवर काही चुकत नाही.

रेग्वा ते पिन्याँव, दक्षिण काठाचा एन-२२२, सुमारे २५ किमी. हा खरोखर सपाट आहे, सुंदर आहे, आणि याच तुकड्याचे फोटो बघून सगळे फसतात. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. रस्त्याला कडेची पट्टी नाही, एका बाजूला दगडी कठडा, आणि दहानंतर पर्यटकांच्या बस आणि मोटरसायकली सुरू होतात. सातला निघा, नऊला पिन्याँवमध्ये असा. ओव्हरटेक करताना सायकलपासून दीड मीटर अंतर सोडणं वाहनांवर कायद्याने बंधनकारक आहे आणि बरेचसे चालक ते पाळतात. वाहतूक उजवीकडून, तेव्हा आरसा डाव्या हँडलला लावा. सायकल भाड्याची असेल तर उभ्या उभ्या ब्रेक दाबून बघा: तिकडे डावा लिव्हर बहुधा पुढच्या चाकाचा असतो, आणि उतारावर सवयीने चुकीचा दाबला गेला तर माणूस हँडलवरून पुढे जातो.

आता तो चढ. पिन्याँवहून साँव जुआँव द पेश्केइरा सुमारे १८ किमी. नदी समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर, गाव साडेसहाशेच्या आसपास. भागाकार केला तर सरासरी तीन टक्के येते आणि माणूस म्हणतो, एवढं काय. ही सरासरीच घात करते. सुरुवातीचा भाग जवळपास सपाट आहे, मध्ये उतारही आहेत. म्हणजे उंची सगळी उरलेल्या अंतरात कोंबलेली आहे. रस्ता रिओ तोर्तु या उपनदीच्या घळीत शिरला की वळणामागून वळण लागतं आणि एर्वेदोझा गावापर्यंत सुटका नाही. दोन्ही बाजूंना फक्त द्राक्षांचे मळे. कमरेएवढ्या वेलींची सावली सायकलस्वाराला मिळत नाही. मळ्यांच्या शिस्टच्या भिंती सकाळी अकरापासून तव्यासारख्या तापतात आणि ती धग बाजूने अंगावर येते. जवळून पाहिलं तर या भिंतीत कुठेही चुना-सिमेंट नाही, नुसते चपटे दगड एकावर एक रचलेले, फटींतून पाली आत-बाहेर करतात. पाऊस झाला की या दगडांच्या कपच्या रस्त्यावर येतात, पात्यासारख्या धारेच्या. वळणाच्या आतल्या बाजूला त्या साठतात. तिथून उतरताना चाक बाहेरच्या बाजूने न्या.

गिअरचा हिशेब घरीच करा. माणूस, सायकल, सामान मिळून ११० किलो धरा. पुढच्या चकतीला ३४, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला ३४ दात असतील तर मिनिटाला साठ पॅडलने वेग येतो ताशी साडेसात-आठ किमी, आणि सात टक्के चढावर त्याला सुमारे १८० वॅट लागतात. तेवढं तासभर उन्हात टिकवणं बऱ्याच हौशी सायकलस्वारांना जड जातं. पुढे २६, मागे ३६ केलं की त्याच पॅडलगतीला वेग साडेपाचवर येतो आणि काम १३० वॅटवर. हा फरक म्हणजे चढणं आणि ढकलणं यातला फरक. रोड सायकलची क्रँक (पॅडलजवळच्या मोठ्या चकत्यांचा संच) आणि मागे जड पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला टांगायच्या बॅगा, हे जमवून घेऊ नका, गुडघे जातात. टायर ३५ ते ४० मिमी. गावात शिरलं की ग्रॅनाइटच्या चौकोनी दगडांची फरसबंदी लागते आणि ती ओली असली की बारीक टायर हमखास घसरतो. ब्रेक पॅडचा एक जास्तीचा जोड बरोबर घ्या. लांब उतारावर सतत दाबून धरलेले रेझिन पॅड चकचकीत होतात आणि धरेनासे होतात. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा, त्यांना थंड होऊ द्या.

माझं स्पष्ट मत: सामान असेल तर पिन्याँव ते पोसिन्यू हा टप्पा रेल्वेने करा. तासाभराचा प्रवास आहे. तुआ स्टेशनच्या पुढे गाडी नदी ओलांडून दक्षिण काठावर येते आणि जिथे रस्ताच नाही अशा खोऱ्यातून जाते. यात कमीपणा काही नाही, उलट खोऱ्याचा सगळ्यात मोकळा भाग गाडीतूनच दिसतो. पाय तयार असतील आणि चढायचंच असेल तर उलट दिशेने या: गाडीने पोसिन्यू गाठा, तिथून फॉझ कोआ गाव, मग एन-२२२ ने पेश्केइरा, आणि रिओ तोर्तुची घळ उतरत पिन्याँव. पोसिन्यू ते फॉझ कोआ चढ आहेच, तीनेकशे मीटरचा, पण तो सकाळी संपतो. पेश्केइरापर्यंतचे पुढचे चाळीसेक किमी सारखे वर-खाली. सगळे मिळून हजार मीटरच्या बरीच वर चढाई होते, मुक्काम पेश्केइरालाच करा.

फोनमधल्या सायकल मार्गांवर इथे डोळे मिटून विश्वास नको. ॲप अंतर वाचवायला मळ्यांमधली ट्रॅक्टरवाट दाखवतं. कागदावर तीन किमी वाचतात, प्रत्यक्षात पंधरा टक्क्यांहून उभी सुट्या कपच्यांची वाट, आणि शेवटी एखाद्या किंताचं, म्हणजे द्राक्षमळ्याच्या इस्टेटीचं, कुलूप लावलेलं फाटक. परत फिरून तेच चढायचं. तुआ या उपनदीकाठच्या वाटेच्या जुन्या नोंदी तर टाळाच. तिथली काठावरची रेल्वे बंद झाली, आणि धरणाचं पाणी भरल्यावर खालचा बराच मार्ग बुडाला; वाट नकाशावर आहे, जमिनीवर नाही. पोसिन्यूपलीकडे बार्का द’आल्वाकडे जाणारे रूळ १९८८ पासून बंद आहेत. त्या पुलांवर सायकल घालू नका.

जुलै-ऑगस्ट वर्ज्य. पारा चाळिशीला टेकतो आणि घळीत वारा नसतो. या मुलखातले लोकच म्हणतात, नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक. एप्रिल-मे उत्तम. सप्टेंबरअखेर द्राक्षतोडणी असते. पाहण्यासारखी, पण खोल्या मिळत नाहीत आणि रस्त्यावर ट्रॅक्टरचा चिखल असतो. पाणी तीन लिटर भरून निघा. गावच्या नळावर पाटी वाचा: ‘आग्वा पोतावेल’ असेल तर प्या, ‘नाँव पोतावेल’ असेल तर नको, आणि ‘नाँव कोंत्रोलादा’ म्हणजे कोणी तपासलेलं नाही, गाळून किंवा गोळी टाकून घ्या.

जेवणात एका गोष्टीची चीड येते, ती सांगायलाच हवी. पर्यटकांच्या बोटी लागतात त्या धक्क्याजवळच्या खानावळीत बसताक्षणी न मागता पाव, ऑलिव्ह, चीज, लोणी टेबलावर येतं. दमलेला माणूस ते फुकट समजून संपवतो आणि बिलात प्रत्येकाची वेगळी ओळ निघते. याला ‘कुव्हेर’ म्हणतात. न मागितलेलं आणि हात न लावलेलं असेल तर त्याचे पैसे लावता येत नाहीत, हा तिथला कायदा आहे. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा. तरीही लावले तर ‘लिव्रु द रेक्लामासोंइश’ मागा. तक्रारवही प्रत्येक हॉटेलात ठेवावीच लागते आणि नुसतं नाव काढलं तरी बहुधा बिल दुरुस्त होतं. त्यापेक्षा दोन गल्ल्या वर चढा, गावातले कामगार जिथे बसतात तिथे ‘प्रातु दु दिया’, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, घ्या. एक ‘दोझ’, म्हणजे पूर्ण वाढप, दोघांना पुरते, एकट्याला ‘मेया दोझ’, म्हणजे अर्धी, पुष्कळ. शाकाहारी असाल तर सूपमध्ये सॉसेजचा तुकडा असतो हे धरून चला आणि आधी विचारा. दुपारी तीन ते सात स्वयंपाकघर बंद, म्हणून पिशवीत खायला हवंच. ते रेग्वाच्या सुपरमार्केटमधून भरून घ्या. ट्यूब, चेन-लिंकही तिथेच, पुढे दुकानाच्या भरवशावर राहू नका.

भाषेचा थोडा आधार आपल्याला आयताच मिळतो. पाव, बटाटा, चावी हे शब्द आपल्याकडे आले ते याच भाषेतून. गोव्यातला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो. इथल्या दुकान नसलेल्या वाड्यांत पाववाल्याची व्हॅन सकाळी तसाच हॉर्न देत फिरते. हॉर्न ऐकला की थांबा आणि ‘पाँव’ म्हणा, दिवसाचा पाव तिथेच होतो.

सपाटच हवं असेल तर दोरू सोडा आणि तामेगा नदीकाठी जा: अमारान्त ते आर्कु द बाउल्ये, जुन्या रेल्वेमार्गावरची ३९ किमीची सायकलवाट, चढ नावापुरता. अमारान्तला २००९ पासून रेल्वे नाही. लिव्हरासाँव स्टेशनवर उतरून उरलेलं अंतर रस्त्याने कापा.

परतीची गाडी रेग्वाहून पकडा. पिन्याँवला दुपारनंतर येणाऱ्या गाडीत सायकली आधीच टांगलेल्या असतात, रेग्वाहून मात्र पोर्तोकडे जास्त गाड्या सुटतात. तिकीट काढतानाच सायकल आहे हे सांगा, आणि एक गाडी सोडावी लागली तरी पुढची मिळेल इतका वेळ हाताशी ठेवा.